गॉडझिला (स्टर्न, २०२१): खेळून आलो, पहिली मतं इथे लिहूया

रॅम्पवेडा

स्टर्न या कंपनीचं गॉडझिला हे पिनबॉल मशीन शेवटी खेळायला मिळालं. त्याची प्रो आणि प्रीमियम ही दोन रूपं शेजारी शेजारी लावलेली होती, त्यामुळे मन भरेपर्यंत दोन्हींवर आलटून पालटून हात चालवता आला. अजून कोणी खेळलं असेल तर याच धाग्यावर लिहा, सगळं एका जागी राहील.

माझं मत आधीच सांगून टाकतो. याचा डिझायनर किथ एल्विनने याआधी स्टर्नसाठी आयर्न मेडन (२०१८), ज्युरासिक पार्क (२०१९) आणि अव्हेंजर्स (२०२०) केली. ज्युरासिक पार्कवर माझा किती जीव आहे ते इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. तरीही गॉडझिला त्याच्या वरचं आहे असं मला वाटतं.

कारण थीम. थीमच्या मशीनचं बहुतेक वेळा काय होतं? परवाना घेतलेला असतो, बॅकग्लासवर (मागच्या उभ्या चित्रावर) ओळखीचे चेहरे असतात, स्पीकरमधून ओळखीचे संवाद येतात, पण खाली बॉल जे करतो त्याचा त्या गोष्टीशी काडीचा संबंध नसतो. उद्या चित्रं आणि आवाज बदलून दुसराच सिनेमा चढवला, तर खेळणाऱ्याच्या बोटांना पत्ताही लागणार नाही. गॉडझिलाचं तसं करताच येणार नाही, आणि याचं मूळ त्या सिनेमांमध्येच आहे. १९५४ पासून जपानच्या तोहो स्टुडिओने हे सिनेमे काढले ते रबरी सूट घातलेला माणूस आणि त्याच्या पायाशी लहान प्रमाणात बांधलेलं शहर, अशा पद्धतीने. स्पेशल इफेक्ट्सवाले एइजी त्सुबुराया यांची ती करामत. इमारती, पूल, विजेचे मनोरे, रणगाडे, सगळी मॉडेलं. आणि ती खरोखर तुडवली जायची. आता काचेखालचं प्लेफिल्ड घ्या, म्हणजे बॉल धावतो तो उतरता फळा. तेही लहान प्रमाणात बांधलेलं गावच आहे आणि त्यातून ८० ग्रॅमचा पोलादी बॉल सुसाट धावतोय. सिनेमात कॅमेऱ्यापुढे जे घडायचं, तेच इथे हाताच्या अंतरावर घडतं: जड वस्तू मॉडेलवर आदळते आणि मॉडेल कोसळतं. इतर सिनेमे पिनबॉलमध्ये बसवताना बारीक करून घ्यावे लागतात. हा आधीपासूनच त्या मापाचा होता.

प्रीमियमवरची इमारत म्हणजे या मशीनचा प्राण. तिच्यात बॉल अडकवत गेलात की मल्टिबॉल (एकाच वेळी अनेक बॉल) सुरू होताना मजले एकेक करून खाली बसतात आणि धरून ठेवलेले बॉल बाहेर सांडतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फ्लिपर (बॉल मारायचे बटणावरचे दांडे) उचलायचं भानच राहिलं नाही. आणि तो पूल! बॉल त्यावरून जाताना पूल मधूनच खचतो. पडद्यावर तोहोच्या जुन्या सिनेमांतली खरी दृश्यं येतात, डरकाळी अस्सल आहे, झोंबी येती या नावाने काम करणाऱ्या जेरेमी पॅकरची चित्रं आहेत. कॅबिनेटजवळ नुसतं उभं राहिलं तरी डोळे निवतात.

खटकलेलं एकच, मोड (खेळातला टप्पा) कुठला चालू आहे हे खेळता खेळता चटकन कळत नाही. त्यावर नंतर लिहितो. तुम्ही बोला.

पहिलाबॉल

मस्त लिहिलंय. मी या छंदात अगदी नवा आहे. प्रो, प्रीमियम आणि एलई यांत नेमका फरक काय असतो? खेळ वेगळा असतो की फक्त सजावट?

रॅम्पवेडा

@पहिलाबॉल, स्टर्न गेली बरीच वर्षं एकच डिझाइन तीन रूपांत काढतं. प्रो साधं असतं, हलणाऱ्या वस्तू कमी, त्यामुळे आर्केडमध्ये जास्त करून तेच दिसतं. प्रीमियममध्ये सगळ्या यंत्रणा असतात. एलई म्हणजे लिमिटेड एडिशन: खेळ प्रीमियमचाच, पण चित्रं आणि सजावट वेगळी, आणि संख्या ठरलेली. गॉडझिलाची एलई १,००० आहेत. शॉट (बॉल मारायच्या वाटा) जवळपास तेच, पण प्रोवर इमारत कोसळत नाही आणि पूल तुटत नाही. ज्युरासिक पार्कमध्येही हेच होतं: प्रोवरचा टी-रेक्स जागचा हलत नाही, प्रीमियमवरचा हलतो.

जुनाबंपर

रॅम्पवेडा, तुमचा 'त्या मापाचा सिनेमा' हा मुद्दा फार आवडला. मी त्याला थोडं मागे नेतो.

कोसळणारी इमारत पाहिली की मला १९९७ चं मेडिव्हल मॅडनेस हे मशीन आठवतं. ब्रायन एडीचं. मधोमध किल्ला. मारत राहिलात की आधी खंदकावरचा पूल खाली येतो, मग दरवाजा उघडतो, मग आत बॉल घातला की बुरूज डगमगतात आणि किल्ला पडतो. त्याच एडीचं १९९५ चं अटॅक फ्रॉम मार्स: समोरची तीन टार्गेटं पाडा, मागची तबकडी उघडी पडते, तिला हाणा. दोन्हींना कुठल्याही सिनेमाचा परवाना नव्हता. गोष्ट मशीननेच रचली होती, म्हणून ती बॉलच्या चालीत बरोबर बसली. डिझायनरला आधी शॉट सुचायचा आणि त्यातून प्रसंग जन्माला यायचा.

परवान्याच्या मशीनमध्ये हे क्वचित जमलं. जमलं तिथे इतिहास घडला. १९९२ चं ॲडम्स फॅमिली घ्या, पॅट लॉलर आणि लॅरी डिमार यांचं. २०,२७० मशीनं बनली. पेटीचं झाकण उघडून थिंग नावाचा सुटा हात बाहेर येतो, चुंबकाने बॉल उचलतो आणि पेटीत घेऊन जातो. प्लेफिल्डखालचे चुंबक चालू झाले की बॉल भूत लागल्यासारखा वाटेल तसा वळतो. त्या विचित्र घरात काय चाललंय ते समजायला पडद्याकडे बघावंच लागत नाही. आणि पडदा तरी कसला, ठिपक्यांचा.

आणखी एक आठवण करून देतो. याच प्राण्यावर १९९८ मध्ये सेगा पिनबॉलनेही मशीन काढलं होतं, त्या वर्षीच्या अमेरिकन सिनेमावर. पुढच्याच वर्षी सेगाचा पिनबॉल व्यवसाय गॅरी स्टर्न यांनी घेतला आणि आजची स्टर्न पिनबॉल उभी राहिली. म्हणजे एकाच घराण्यात गॉडझिला दुसऱ्यांदा आला. त्या वेळी नव्या सिनेमाच्या प्रदर्शनासोबत धावायचं होतं. या वेळी जुन्या जपानी सिनेमांकडे जाऊन, त्यांच्यावर मनापासून प्रेम असलेल्या माणसांनी काम केलंय. फरक तिथून पडतो.

टिल्टवाली

मी स्पर्धा खेळते, त्यामुळे माझं बघणं थोडं वेगळं आहे. मला प्रो जास्त आवडलं.

इमारत कोसळताना बघायला छानच वाटतं, त्याबद्दल वाद नाही. पण प्रीमियमवर त्या काही क्षणांत खेळाची लय तुटते. प्रोवर बॉल थांबत नाही. एक शॉट लागला की बॉल वळसा घालून परत फ्लिपरवर, तिथून पुढचा शॉट, तिथून पुढचा. वरचा तिसरा फ्लिपर सापडला की हात आपोआप लयीत येतो. एल्विन स्वतः स्पर्धांमधला जगज्जेता, जागतिक क्रमवारीत पहिला राहिलेला माणूस. स्टर्नमध्ये येण्याआधी त्याने आर्चर हे मशीन स्वतःच्या हाताने बनवलं होतं. त्याच्या आखणीत हे दिसतं की चुकलेल्या शॉटची शिक्षा रास्त असते. बॉल गेला तर का गेला ते कळतं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण नशिबावर चालणाऱ्या मशीनवर स्पर्धा खेळण्यात काही राम नाही.

नियमांचं सांगायचं तर एका वाटेने जायची सक्ती नाही. कैजूंशी (सिनेमातल्या महाकाय राक्षसांशी) लढाया आहेत, त्यांत कुणाशी लढायचं याची निवड तुमची. मोथ्रा, रोडान असे सोबती मिळवता येतात आणि त्यांची मदत कधी घ्यायची ते तुम्ही ठरवायचं. लढाई सुरू करून वर मल्टिबॉल चढवला तर गुण वेगळ्याच पातळीवर जातात, पण लढाई तयार नसताना मल्टिबॉल घाईने उडवला तर तो वाया जातो. इथेच नवा खेळाडू आणि मुरलेला खेळाडू यांच्यातलं अंतर पडतं. मुरलेला मल्टिबॉल हाताशी ठेवून थांबतो.

ज्यांना बॉल सावरणं जमत नाही त्यांनी इथे डेड बाउन्सची सवय लावावी. समोरून वेगाने फ्लिपरवर येणारा बॉल दिसला की हात शिवशिवतात. बटण दाबू नका. फ्लिपर खालीच राहू द्या, बॉल त्याच्या रबरावर आपटून पलीकडच्या फ्लिपरकडे जातो, तो फ्लिपर वर धरला की तिथे विसावतो. मग शांतपणे नेम धरा. समोरच्या वस्तूंवर सरळ मारलेला बॉल सरळच परत येतो. त्याच्यावर घाईने फ्लिपर मारला की बॉल कुठेही उडतो, बहुतेक वेळा आउटलेनमध्ये, म्हणजे कडेच्या वाटेने खेळाबाहेर.

रॅम्पवेडा

@टिल्टवाली, लयीचा मुद्दा मान्य. पण माझ्यासाठी तो थांबा हाच खेळाचा भाग आहे. इमारत पडताना मी श्वास घेतो आणि पुढे काय येणार याची तयारी करतो. प्रोवर तो प्रसंग फक्त दिव्यांनी आणि आवाजाने सांगितला जातो. खेळ म्हणून प्रो कुठेही कमी नाही, पण मी जो मुद्दा मांडतोय, मॉडेल खरोखर कोसळण्याचा, तो प्रीमियमवरच पुरा होतो.

टिल्टवाली

तुम्ही गोष्ट बघायला उभे राहता, मी गुण काढायला. मशीन दोघांनाही पुरून उरतं, हे डिझायनरचं यशच.

कॉइलकाका

मी मशीनं दुरुस्त करतो. पहिली मतं वाचताना मला नेहमी एकच काळजी वाटते: मत मशीनबद्दल आहे की ते कसं लावलं होतं त्याबद्दल? नवं मशीन खोक्यातून काढून पाय लावून चालू केलं आणि लोकांनी रांग लावली, असं फार ठिकाणी होतं. मी पाहिलेलं गॉडझिला एका बाजूला इतकं कललेलं होतं की हळू आलेला बॉल दर वेळी डाव्या आउटलेनकडेच ओढला जायचा. तिथे खेळून गेलेले लोक आता सगळीकडे सांगत असतील की डावी बाजू क्रूर आहे.

उतार साधारण साडेसहा अंशांचा ठेवतात. पायांच्या तळाशी फिरवता येणारे स्क्रू असतात, त्यांनी तो बसवायचा. आडवी पातळी बघायची ती प्लेफिल्डच्या लाकडावर. काचेवर किंवा कॅबिनेटच्या कडेवर ठेवलेली लेव्हल फसवते. उतार कमी असेल तर बॉल रेंगाळतो आणि सगळे शॉट सोपे वाटतात. जास्त असेल तर रॅम्प (चढाची वाट) चढताना बॉल दमतो आणि लोक म्हणतात की रॅम्प जमतच नाही.

दुसरं, फ्लिपर. दिवसभर खेळलं गेलं की त्याला हलवणारा विजेचा कॉइल तापतो. तापला की त्याचा रोध वाढतो, प्रवाह घटतो, फटक्यातला जोर जातो. सकाळी सहज लागणारा रॅम्प संध्याकाळी अर्ध्यावरून परत येऊ लागला तर स्वतःला दोष देऊ नका, डिझायनरलाही देऊ नका.

तिसरं, जे वाचून नवे लोक घाबरतात: प्लेफिल्डवरचे खळगे. नव्या मशीनवर उजेड तिरका पडला की बारीक बारीक ठसे दिसतात. खाली मेपलच्या थरांचं लाकूड, त्यावर पारदर्शक कोटिंग, आणि वरून पोलाद आपटतंय. ठसे उमटणारच. सुरुवातीला ते सुटे सुटे असतात म्हणून डोळ्यांत भरतात. खेळ वाढला की सगळीकडे सारखे होतात आणि नजरेआड जातात. मात्र पोस्टच्या (प्लेफिल्डवरच्या खुंटीच्या) बुडाशी कोटिंग फुगलेलं, चुरगळलेलं किंवा उचललेलं दिसलं तर ती गोष्ट वेगळी. लगेच फोटो काढून ठेवा.

गॉडझिलाबद्दल माझं स्वतःचं मत अजून बनलेलं नाही. कोसळणारी इमारत म्हणजे मोटर, सेन्सर आणि हलणारे भाग. एल्विनच्या टीमने ती बांधली आहे छान, खाली वाकून मी बराच वेळ बघत होतो. पण अशा यंत्रणेबद्दल मी हजारो खेळ होऊन गेल्यावरच बोलतो.

जुनाबंपर

काकांच्या प्रतिसादाला शंभर वेळा अनुमोदन. मेडिव्हल मॅडनेसचा पूल अडकलेला मी किती तरी ठिकाणी पाहिलाय, आणि पूल अडकला की किल्ल्याची सगळी गंमतच जाते. हलणारी वस्तू हे थीमचं हृदय असेल तर ती बिघडल्यावर थीमच बिघडते. प्रोच्या बाजूने हा एक भक्कम मुद्दा आहे, टिल्टवालींनी मांडलेल्यापेक्षा वेगळा.

लाइटबॉक्स

उशिरा येतोय धाग्यावर. मला पडद्याबद्दल बोलायचंय.

जर्सी जॅक या कंपनीने २०१३ मध्ये विझर्ड ऑफ ऑझ मशीनमध्ये मोठा रंगीत पडदा आणला, स्टर्नकडे तो २०१६ च्या बॅटमॅनपासून आला. तेव्हापासून दर थीम मशीनबद्दल लोक आधी विचारतात, सिनेमातली दृश्यं आहेत का? गॉडझिलामध्ये आहेत, आणि फार सुंदर निवडली आहेत. पण ज्याच्या हातात फ्लिपर आहेत त्याला ती दिसत नाहीत! त्याची नजर बॉलवरून हटली की बॉल गेलाच. दृश्यं बघतो तो शेजारी उभा असलेला मित्र.

खेळणाऱ्याला थीम पोचते कानांतून आणि तळव्यांतून. म्हणून मला त्या डरकाळीचं इतकं अप्रूप. १९५४ मध्ये अकिरा इफुकुबे यांनी कॉन्ट्राबासच्या तारा सैल करून चामड्याचा हातमोजा त्यांवरून घासला आणि तो आवाज नंतर कमी वेगाने वाजवला. कुठल्याही खऱ्या प्राण्याचा आवाज नाही तो, म्हणून कशाशी गल्लतही होत नाही. मशीनमध्ये ती डरकाळी योग्य जागी येते. शेकर मोटर बसवलेली असेल तर कॅबिनेट हातांखाली थरथरतं, आणि अंगावर खरंच शहारा येतो.

रॅम्पवेडा म्हणतात तसं, मोड कुठला चालू आहे ते न कळण्याची अडचण मलाही आली. माझ्या मते दोष प्लेफिल्डवरच्या दिव्यांचा. एकाच शॉटसमोर इतके बाण आणि इतके रंग एकत्र पेटतात की महत्त्वाचं काय ते निवडता येत नाही. हे पुढच्या कोडमध्ये (मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये) सुधारता येण्यासारखं आहे.

टिल्टवाली

कोड सुधारेलच. स्टर्नची मशीनं बाजारात येतात तेव्हा नियम पूर्ण झालेले नसतात, नंतर कित्येक महिने भर पडत जाते. या वेळी इन्सायडर कनेक्टेड ही स्टर्नची ऑनलाइन सोय आहे, म्हणजे मशीन इंटरनेटला जोडलेलं असेल तर नवा कोड थेट उतरतो. आपल्या फोनवरचा क्यूआर कोड मशीनला दाखवला की आपले गुण आणि मिळवलेले बिल्ले नावावर जमा होतात. मी पहिल्याच दिवशी नोंदणी केली. कुठल्या मोडपर्यंत पोचलो याची नोंद राहते, सरावाला ती फार उपयोगी पडते.

पण एक लक्षात घ्या. कोडने नियम बदलतील, आवाज बदलतील, दिवे बदलतील. रॅम्पची जागा आणि फ्लिपरपासूनचा कोन बदलणार नाही. म्हणून नवं मशीन बघताना मी आखणी तपासते: मला दर शॉट पुन्हा मारावासा वाटतो का? गॉडझिलात उत्तर हो आहे. एकही शॉट असा नाही की केवळ नियम सांगतो म्हणून मारावा लागतो.

रॅम्पवेडा

@लाइटबॉक्स, तळव्यांतून पोचते हे अगदी खरं. इमारतीला नीट बसलेला शॉट हातांना कळतो, आवाज येण्याच्याही आधी.

@टिल्टवाली, आखणी आधी, हे मला शंभर टक्के पटतं. माझं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढचं आहे. इथे आखणी आणि थीम वेगळ्या काढताच येत नाहीत. पूल हा रॅम्पही आहे आणि पाडायची वस्तूही. इमारत हा लॉकही (बॉल अडकवायची जागा) आहे आणि शहरही. ॲडम्सचा हात, मेडिव्हल मॅडनेसचा किल्ला, या रांगेत मी गॉडझिलाला आजच बसवतो. काकांच्या हजार खेळांनंतरही ते तिथेच असेल असा माझा विश्वास आहे.

पहिलाबॉल

सगळं दोनदा वाचलं. आता खेळायला जातोय. बॉल फार लवकर जातो माझा, तेव्हा एवढंच सांगा: अगदी नव्या माणसाने या मशीनवर पहिला बॉल हातात आल्यावर काय करावं?

टिल्टवाली

बॉल सोडण्याआधी कोणता शॉट लुकलुकतोय ते बघा, तो स्किल शॉट. नाही जमला तरी काळजी नको, सुरुवातीचे काही सेकंद बॉल वाचवलेला असतो, गेला तर परत मिळतो. त्या वेळात बॉल कसा परत येतो तेवढं बघून घ्या.

मग काहीही मारायची घाई करू नका. आधी बॉल एका फ्लिपरवर थांबवा, फ्लिपर वर धरूनच ठेवा, आणि प्लेफिल्डकडे नीट बघा. त्यानंतर रॅम्प. रॅम्पवरून गेलेला बॉल शिस्तीत फ्लिपरवर परत येतो, म्हणून हात बसवायला तोच बरा. रॅम्प लागायला लागले की इमारतीकडे वळा आणि मल्टिबॉल मिळवा. लढाया आणि सोबती यांची चिंता पहिल्या दिवशी करू नका.

कॉइलकाका

आणि कॅबिनेटला हलका धक्का द्यायला घाबरू नका. तो खेळाचाच भाग आहे, नेहमीच्या सेटिंगवर टिल्टच्या (फार हलवल्याने बॉल बाद होण्याच्या) आधी इशारे मिळतात. बॉल आउटलेनच्या तोंडाशी रबरावर नाचत असेल तेव्हाच धक्का द्या, बॉल आत शिरल्यावर देऊन उपयोग नाही.

डाव्या बाजूला सारखा बॉल जायला लागला तर तिथल्या माणसाला लेव्हल तपासायला सांगा. आणि सकाळच्या वेळी जा, फ्लिपर गार असतात.